अमरावतीचा आखाडा आणि बर्लिन नगरी

वऱ्हाडचे नाव युरोपात पोचले ते प्रथम कापसाच्या गाठींवरून. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले व लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा अमरावती, अकोला, खामगाव ह्या बाजारपेठांकडे इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी वळली. आणि पाठोपाठ भुसावळाहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून गेला. त्या मार्गाने कापूस मुंबईस व मुंबईहून समुद्रपार जाऊ लागला. माणसे मात्र त्या वाटेने फार थोडी गेली, आणि जी गेली ती बहुधा दोन कामांसाठी. कोणी बॅरिस्टर, डॉक्टर किंवा सनदी नोकर होण्यासाठी गेले, तर कोणी राज्यकर्त्यांकडे दाद मागण्यासाठी. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ साली विलायतेस गेले ते लोकमान्य टिळकांस झालेल्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलात खटपट करावी म्हणून. दोन वर्षे ते लंडनला राहिले. परंतु टिळकांची शिक्षा काही टळली नाही. म्हणजे युरोपच्या दारात आपण उभे राहत होतो ते एक तर विद्यार्थी म्हणून, नाहीतर अर्जदार म्हणून.

ह्या दोन्ही प्रकारांत न बसणारा असा एक प्रवास १९३६ साली अमरावतीहून घडला. श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक त्या वर्षीच्या ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने बर्लिनला गेले आणि तेथे कबड्डी, खोखो, मल्लखांब हे आपले खेळ त्याने परदेशी प्रेक्षकांपुढे करून दाखविले. ह्या मंडळींना काही मागावयाचे नव्हते. आपल्याजवळ जे आहे ते जगास दाखवावे, एवढाच त्यांचा हेतू होता. वऱ्हाडात ही गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि तो अभिमान रास्तही आहे. परंतु ज्या नगरीत व ज्या यजमानाच्या मंडपात हा प्रसंग घडला त्यांचा विचार केल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. तो विचार केला असता अभिमान उणा होतो असे आम्हांस वाटत नाही. उलट त्याची योग्य जागा कोणती ते कळते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम आखाड्याविषयी. अंबादासपंत व अनंतराव वैद्य ह्या बंधूंनी १९१४ साली अमरावतीस ह्या संस्थेचा पाया घातला. त्या वेळच्या वऱ्हाडची राजकीय स्थिती मोठी विचित्र होती. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला व पुढल्या वर्षी मध्यप्रांतास जोडला गेला. राज्य इंग्रजांचे, परंतु कागदोपत्री स्वामित्व निजामाचे, अशी ही दुहेरी ताबेदारी. बर्लिनच्या सामन्यांनंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी, १९३६ च्या ऑक्टोबरात, जो नवा करार झाला त्यात हे स्वामित्व पुन्हा मान्य करण्यात आले आणि हैदराबादच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. ज्या प्रांतावर दोन धनी हक्क सांगतात आणि तेथील रयतेस मात्र कोणी काही विचारीत नाही, तेथील तरुणांना आपल्या सत्तेची म्हणून एकच वस्तू उरते, ती म्हणजे आपले शरीर. लाल मातीत उतरून ते बळकट करावे, एकमेकांच्या खांद्यास खांदा लावून शिस्त अंगी बाणवावी, ही कल्पना अशा वेळी केवळ व्यायामाची राहत नाही.

सरकारलाही हे कळत होते. १८९७ च्या जून महिन्यात पुण्यास रँडचा वध झाला. तो करणाऱ्या चाफेकर बंधूंनी आधी तरुणांच्या व्यायामाचे व कवायतीचे मंडळ चालविले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले. तालमीकडे संशयाने पाहण्याची सरकारी नजर तेव्हापासून अधिक तीक्ष्ण झाली. अमरावतीच्या आखाड्याने मात्र गुप्तपणाची वाट न धरता शिक्षणाची वाट धरली. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग भरवावेत, परगावच्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना बोलवावे, त्यांनी शिकून आपापल्या गावी जाऊन शिकवावे, अशी ती पद्धत होती. कुस्ती, लाठी, लेझीम, मल्लखांब, आसने आणि मैदानी खेळ हे सर्व एका अभ्यासक्रमात आणून बसविण्याचे काम येथे झाले. घराण्याची किंवा वस्तादाची म्हणून जी विद्या होती तिला शाळेचे रूप आले. बर्लिनला जाण्याची पात्रता ह्या वीस-बावीस वर्षांच्या कामातून आली होती.

महाराष्ट्रातून खेळाडूंनी युरोपास जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे सामने पाहून दोराबजी टाटा ह्यांच्या मनात आले की, ह्या मुलांना ऑलिंपिकला पाठवावे. आणि १९२० साली बेल्जममधील अँटवर्प शहरी सहा हिंदी खेळाडू गेले. त्यांत फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी हे धावणारे आणि नवले व शिंदे हे कुस्तीगीर होते. चौगुले लांब पल्ल्याच्या मॅरेथॉन शर्यतीत एकोणिसावे आले. शिंद्यांचे पदक थोडक्यात हुकले. परंतु त्या मंडळींनी युरोपचे खेळ युरोपच्या नियमांनी खेळावयाचे होते. कुस्ती आपलीच खरी, परंतु तीही गादीवर व परक्या नियमांत. अमरावतीकर गेले ते आपला खेळ, आपले नियम आणि आपला खांब घेऊन. दोन प्रवासांत हा मोठा फरक आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कबड्डी बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये 'प्रात्यक्षिक खेळ' म्हणून होती, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. त्या सामन्यांच्या अधिकृत कार्यक्रमात प्रात्यक्षिकाचे खेळ दोनच होते, एक बेसबॉल आणि दुसरा बिनइंजिनाच्या विमानाचे उड्डाण. आपले खेळ दाखविले गेले ते सामन्यांच्या जोडीने भरलेल्या शारीरिक शिक्षणाच्या मेळाव्यात. तेवढ्याने त्यांचे मोल घटत नाही. तेथे खेळाचे शिक्षक व विद्यार्थी देशोदेशींहून आलेले होते, म्हणजे पारखी प्रेक्षक होते. खांबावर चढून अंगाचे वेटोळे घालणारा मुलगा, एका श्वासावर शत्रूच्या अंगणात शिरून परत येणारा गडी, बसलेल्या रांगेतून 'खो' मिळताच उसळून उठणारा खेळाडू, हे त्यांनी पूर्वी कधी पाहिले नसणार. ह्या खेळांना ना महागडी साधने लागत, ना मोठाले मैदान. निर्धन देशाने आपल्या ऐपतीत शरीर घडविण्याची कोणती युक्ती काढली, हे त्यांत दिसत होते.

आता ज्या नगरीत हे पथक गेले तिच्याकडे वळू. व्यायामाच्या इतिहासात बर्लिनचे स्थान फार महत्त्वाचे आहे, आणि आमच्या मते आखाड्याच्या माणसाने ते मुद्दाम जाणून घेतले पाहिजे. १८०६ च्या ऑक्टोबरात नेपोलियनने येना येथे प्रशियाच्या सैन्याचा धुव्वा उडविला आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस तो बर्लिन शहरात शिरला. ब्रांडेनबुर्ग दरवाजावरील चार घोड्यांच्या रथाची मूर्ती त्याने उतरवून पॅरिसला नेली. ती परत आली १८१४ साली. ह्या मानभंगाच्या काळात फ्रीड्रिख लुडविग यान नावाच्या एका शाळामास्तराने बर्लिनच्या वेशीबाहेर हाझेनहायडे ह्या माळावर १८११ साली उघड्या आकाशाखाली एक व्यायामशाळा काढली. पराभूत राष्ट्राची मुले आधी अंगाने ताठ उभी राहिली पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. श्रीमंत-गरीब सर्व मुलांनी एकाच साध्या पोशाखात यावे व एकमेकांस एकवचनी हाक मारावी, असा तेथील दंडक होता. दोन वर्षांनी नेपोलियनविरुद्ध युद्ध पेटले तेव्हा त्या माळावरचे पुष्कळ तरुण स्वयंसेवक म्हणून लढावयास गेले.

अमरावतीच्या आखाड्याची कथा ज्यास माहीत आहे त्यास हे वाचताना ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही. परकी सत्ता, मानभंग, एखाद्या शिक्षकाची जिद्द, गावाबाहेरचे मैदान आणि तेथे जमणारी पोरे, सारे तसेच. पुढची हकीकतही तशीच. १८१९ साली यानच्या पंथातल्या एका विद्यार्थ्याने कोट्सेबू ह्या नाटककाराचा खून केला. त्यानंतर सरकारने यानला तुरुंगात टाकले आणि प्रशियात ह्या व्यायामशाळांवर १८२० पासून १८४२ पर्यंत बंदी घातली. तालीम आणि राजद्रोह ह्यांची जोडी लावणारे सरकार एकट्या हिंदुस्थानातच होते असे नाही.

एवढेच नव्हे, तर ह्या दोन ठिकाणांचा प्रत्यक्ष संबंधही आहे. आपल्या आखाड्यांत व शाळांत ज्यांना आपण 'डबलबार' आणि 'सिंगलबार' म्हणतो ती साधने व त्यांवरील कसरत यानच्या हाझेनहायडेत रूपास आली. तेथून ती युरोपभर पसरली, लष्करी शाळांतून इंग्रजांकडे गेली व इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. अमरावतीकर मल्लखांब घेऊन बर्लिनला गेले त्याच्या आधीच बर्लिनचा डबलबार आपल्या गावोगावच्या तालमींत येऊन बसला होता. मल्लखांबाचा जीर्णोद्धार दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी केला, असे आपण मानतो. म्हणजे देवधर आणि यान हे जवळजवळ एकाच पिढीचे पुरुष. एकाने उभा खांब उचलून धरला, दुसऱ्याने आडवे दांडे. आणि सव्वाशे वर्षांनी त्या दोन्ही विद्या एका नगरीत समोरासमोर आल्या.

येथवरची कथा आनंदाची आहे. पुढची तशी नाही. यानच्या देशभक्तीत पहिल्यापासून विषाचा एक थेंब होता. त्याला फ्रेंचांचा द्वेष होता, आणि ज्यू लोकांविषयी तुच्छता होती. १८१७ साली वार्टबुर्ग किल्ल्यावर विद्यार्थ्यांचा उत्सव झाला त्यात यानच्याच एका शिष्याच्या पुढाकाराने नावडत्या ग्रंथांची होळी करण्यात आली. पुढे बंदी उठली, जर्मनीचे एकीकरण झाले, व्यायामसंघ लाखो सभासदांचा झाला. आणि जो आखाडा दुबळ्यांना उभे करण्यासाठी निघाला होता, तोच आता आपले कोण आणि परके कोण हे ठरवू लागला. १९३३ च्या जानेवारीत हिटलर अधिकारावर आला. त्याच वर्षी १० मे रोजी बर्लिनच्या ऑपेराच्या चौकात ग्रंथांची दुसरी होळी पेटली, आणि त्याच वर्षी जर्मन व्यायामसंघाने ज्यू सभासदांना काढून टाकण्याचा नियम केला.

हा नियम कोणास लागला ते पाहावे. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने झाले. त्यांत डबलबारवरील पहिले बक्षीस जर्मनीस मिळवून देणारा आल्फ्रेड फ्लाटो हा बर्लिनचा रहिवासी. त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ गुस्टाव्ह फेलिक्स फ्लाटो हाही विजयी पथकात होता. दोघेही ज्यू. यानने हाझेनहायडेत रूपास आणलेल्या साधनावर जर्मनीचे नाव जगात पहिल्या क्रमांकास नेणाऱ्या पुरुषास जर्मन आखाड्याचे दार बंद झाले. दोघांचाही शेवट टेरेझीनश्टाटच्या छळछावणीत झाला. आल्फ्रेड १९४२ च्या डिसेंबरात वारला, गुस्टाव्ह फेलिक्स १९४५ च्या जानेवारीत.

१९३६ च्या उन्हाळ्यात बर्लिनला आलेल्या पाहुण्यांना ह्यातले काय दिसले असेल? जे दाखविले ते अत्यंत भव्य होते. लाखभर माणसे मावतील असे दगडी क्रीडागार होते. १ ऑगस्टला ऑलिंपियाहून आणलेली ज्योत तेथे पोचली. ही ज्योत धावत आणण्याची प्रथा प्राचीन नसून त्याच वर्षी प्रथम काढली होती, आणि तीन हजारांवर धावपटूंच्या हातांतील पोलादी मशाली तोफा ओतणाऱ्या क्रुप कारखान्यात बनल्या होत्या. ४९ राष्ट्रांचे खेळाडू आले होते. शहराच्या मुख्य राजमार्गास 'उन्टर डेन लिंडेन', म्हणजे लिंडनच्या झाडांखालचा रस्ता, असे नाव आहे. परंतु भुयारी रेल्वेसाठी तेथील जुनी झाडे तोडून टाकली होती, आणि लावलेल्या रोपांना सावली धरण्याइतकी उंची आलेली नव्हती. त्यांच्यावर उंच खांबांना लाल निशाणे फडकत होती. त्याच रेल्वेच्या खोदकामात आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ दरड कोसळून १९ मजूर गाडले गेले होते. भुयार मात्र सामन्यांच्या चार दिवस आधी सुरू झाले.

जे दाखविले नाही तेही त्याच शहरात व त्याच महिन्यांत होते. 'येथे ज्यू नकोत' अशा पाट्या सामन्यांपुरत्या उतरविण्यात आल्या. १६ जुलैला शहरातील सुमारे ६०० रोमा, ज्यांना जिप्सी म्हणत, त्यांना कुटुंबांसह उचलून मार्त्सान येथील मोकळ्या जागेत डांबण्यात आले. बर्लिनच्या उत्तरेस ओरानियेनबुर्गजवळ साक्सेनहाउझेनची छळछावणी त्याच जुलैमध्ये उभी राहू लागली. ग्रेटेल बेर्गमान ह्या ज्यू तरुणीने जूनच्या अखेरीस उंच उडीत जर्मनीच्या विक्रमाशी बरोबरी केली होती. सामने तोंडावर आले असता तिला संघातून वगळले. नागरिकत्वातून ज्यूंना काढणारे न्युरेंबर्गचे कायदे १९३५ च्या सप्टेंबरातलेच होते. उत्सवाच्या मंडपात पाहुण्यास पुढचा दरवाजा दिसतो. मागच्या दारी काय चालले आहे ते दिसू नये अशीच मंडपाची रचना असते.

मग अमरावतीच्या मंडळींस दोष द्यावा काय? आमच्या मते तो न्याय होणार नाही. ४९ राष्ट्रांची सरकारे, त्यांत इंग्लंड, फ्रान्स व अमेरिका, आपापले संघ पाठवीत होती. ज्यांच्या हाती वकिलाती, वार्ताहर व सैन्ये होती त्यांना जे करावेसे वाटले नाही, ते दुहेरी ताबेदारीतील वऱ्हाडच्या एका व्यायामसंस्थेने करावे अशी अपेक्षा ठेवणे अवास्तव होय. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. ज्या साम्राज्यात आपण होतो त्याने आपल्या खेळांना कोणती जागा दिली होती? सरकारी शाळांतून क्रिकेट, हॉकी व परेड होती. हुतूतू गल्लीत होता. आपल्या राज्यकर्त्यांनी कधी मांडला नाही तो पाट परक्याने मांडला, तर त्यावर बसण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. 'शत्रूचा शत्रू तो मित्र' हा हिशोब त्या काळी पुष्कळ सुशिक्षित घरांत चालत होता, हेही विसरता येत नाही.

तथापि तो हिशोब चुकीचा आहे हे सांगणारे लोकही त्याच वेळी आपल्यातच होते. आपल्या ग्रंथात हिटलरने हिंदी स्वातंत्र्यवाद्यांची हेटाळणी केली होती आणि हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांकडेच राहिलेला बरा, असे लिहून ठेवले होते. १९३६ च्या जानेवारीत म्यूनिक येथे त्याने गोऱ्या वंशास जगावर राज्य करण्याचा अधिकार आहे अशा अर्थाचे भाषण केले. त्या वेळी युरोपात असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी मार्च महिन्यात त्याचा उघड निषेध केला. म्हणजे यजमानाच्या मनात पाहुण्याविषयी काय आहे हे अगदीच गुपित नव्हते. हिंदी हॉकी संघाचे वर्तन ह्या संदर्भात आठवण्यासारखे आहे. उद्घाटनाच्या संचलनात हिंदी पथकाने हिटलरसमोर हात उंचावून नाझी पद्धतीचा नमस्कार केला नाही. १५ ऑगस्टला अंतिम सामन्यास उतरण्यापूर्वी खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसच्या तिरंग्यास वंदन केले, आणि मग ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली जर्मनीचा आठ विरुद्ध एक असा पराभव केला. मैदानावर त्यांच्या नावापुढे निशाण होते ते इंग्रजी राज्याचे. यजमानाचा नमस्कार नाही, धन्याचे निशाण मनात नाही, आणि खेळ मात्र अव्वल, अशी ती वृत्ती होती.

बर्लिनमध्ये आणखी एका मराठी व्यक्तीने दाखविलेली वृत्ती अशीच स्मरणात ठेवण्याजोगी आहे. इरावतीबाई कर्वे १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या शास्त्राचे मोठे पुरस्कर्ते होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी जोडता येतो काय, हा इरावतीबाईंचा विषय. त्यांनी कवट्या मोजल्या, आणि मोजमापांतून तसा संबंध निघत नाही असे गुरूच्या मताविरुद्ध लिहून दिले. नाझी सत्ता येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे खरी. परंतु पुढे लक्षावधी माणसांच्या प्राणांवर उठलेल्या एका सिद्धांतास एक परदेशी विद्यार्थिनी आपल्या मोजपट्टीने नकार देते, ह्यात पाहुणेपणाचा खरा धर्म दिसतो. यजमानाकडे शिकावे, त्याचे उपकार मानावेत, परंतु त्याचे माप आपले म्हणून स्वीकारू नये.

हिटलरकडून मंडळास पदक मिळाले, अशी गोष्ट वऱ्हाडात सांगितली जाते. बर्लिनच्या सामन्यांत भाग घेणाऱ्यांना स्मरणपदके देण्यात आली होती हे सर्वश्रुत आहे. परंतु पदक कोणाच्या हातून आले ह्यावर आपण भर देतो तेव्हा नकळत त्या हाताची थोरवी गृहीत धरतो. ज्या हाताने फ्लाटोस आखाड्याबाहेर काढले त्या हाताची शाबासकी मल्लखांबास हवी कशाला? बाळंभटदादांच्या वेळी मल्लखांबाला बर्लिनची शिफारस नव्हती, आणि १९४५ साली ते राज्य धुळीस मिळाले तेव्हा मल्लखांबाचे काही बिघडले नाही. मुलांना ही हकीकत सांगताना अमरावतीच्या पोरांनी सातासमुद्रांपलीकडे जाऊन काय करून दाखविले, हे आधी सांगावे. कोणी टाळ्या वाजविल्या हे शेवटी सांगावे. आणि त्या टाळ्या वाजविणारांनी पुढे काय केले हे सांगावयास विसरू नये.

ह्या बाबतीत आज बर्लिन नगरीचेच उदाहरण घेता येईल. तिने ते क्रीडागार पाडून टाकले नाही. आजही तेथे सामने होतात. परंतु त्याचा इतिहासही लपविलेला नाही, आणि त्या क्रीडागाराकडे जाणाऱ्या एका हमरस्त्यास १९९७ साली फ्लाटो बंधूंचे नाव देण्यात आले. ज्या नगरीने आपल्या सर्वोत्तम कसरतपटूंना हाकलून दिले तिने उशिरा का होईना पण आपल्या दाराशी त्यांची नावे लिहिली. इमारत राखावी आणि सत्यही राखावे, ही रीत आपल्या स्थानिक इतिहासासही लागू पडण्यासारखी आहे.

राहता राहिला खेळांचा पुढचा प्रवास. १९३८ साली कलकत्त्याच्या अखिल हिंदी सामन्यांत कबड्डीला जागा मिळाली. १९५० साली तिचा अखिल भारतीय संघ स्थापन झाला. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत ती प्रात्यक्षिकापुरती दिसली आणि १९९० साली बीजिंग येथे पदकाचा खेळ झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तीत जर्मनीचेही खेळाडू उतरले होते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खोखोचा पहिला विश्वचषक झाला. ही वाढ कोणा हुकूमशहाच्या कृपेने झाली नाही. ती गावोगावच्या शिक्षकांनी, उन्हाळी वर्गांनी आणि नियमांच्या लहानशा पुस्तिकांनी केली. अमरावतीचे खरे काम तेच होते, आणि ते बर्लिनच्या आधीही चालू होते व नंतरही चालू राहिले.

यानच्या हाझेनहायडेपासून आपण घ्यावयाचा धडा मात्र अजून जुना झालेला नाही. आखाडा हा दुबळ्याचा आधार म्हणून निघतो, पण बळ आल्यावर त्याच्या दारावर कोणता नियम लिहिला जातो त्यावर त्याचे पुढचे चरित्र ठरते. बर्लिनच्या आखाड्याने १८११ साली गरीब-श्रीमंतांस एका पोशाखात उभे केले आणि १९३३ साली आपल्याच विजयी गड्यास बाहेर काढले. अमरावतीस, अकोल्यास किंवा आणखी कोठे ज्यांच्या हाती आज तालमीच्या किल्ल्या आहेत, त्यांनी मुलांना डबलबारवर चढविताना फ्लाटोचे नावही एकदा सांगावे, एवढीच विनंती.